कडीचं पातेलं

"गुरुजी, कुत्रा दाराकडं बघून शेपूट हलवतोय."

शाहीन हौदाच्या कट्ट्यावर उभी राहून भिंतीपलीकडे बघत होती. बाकीची पोरं मागच्या सोप्यात चटईवर बसून गणितं सोडवत होती.

"दार उघडं आहे का?" मी विचारलं.

"नाही. बंद हाय."

"दारात कुणी दिसतंय?"

"कोण नाही."

"मग वहीत काय लिहायचं?"

"कुत्रा शेपूट हलवतोय."

"बास. कुणासाठी हलवतोय हे तुला दिसलं नाही. जे दिसलं नाही ते लिहायचं नाही."

"पण गुरुजी, तो नुसता दाराकडंच बघतोय."

"भिंतीकडं बघून हलवली असती तर भिंतीत कोण आहे म्हणाली असतीस?"

पोरं हसली. शाहीनही हसली आणि खाली उतरून तिने वहीतले दोन शब्द खोडले.

तासगावच्या आमच्या कॉलनीतली ही अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती आणि सुमन, माझी बायको, जाऊन तीन. घर खायला उठायचं. म्हणून संध्याकाळी चार ते साडेपाच मी आसपासची पोरं जमवायचो. फी नाही, परीक्षा नाही. पोरांनी पाठ करावं यापेक्षा बघायला शिकावं, अशी माझी हौस. प्रत्येकाला एक निरीक्षण वही दिली होती. कोणी मुंग्यांची रांग लिहायचं, कोणी चिमणीचं घरटं. मी तांबडी पेन्सिल घेऊन एकेक वही तपासायचो. नियम एकच होता. आधी बघायचं, मग लिहायचं, आणि सगळ्यात शेवटी बोलायचं.

शाहीन बागवानांची. बापाचा मार्केटात द्राक्षाचा गाळा. वय दहा, नजर घारीची. शेजारच्या लोखंड्यांच्या मागच्या अंगणातलं कुत्रं पहिल्यांदा तिनेच पाहिलं.

कुत्र्याचं नाव भुऱ्या. मातकट रंगाचं, मध्यम उंचीचं, नळाच्या पायपाला हातभर साखळीने बांधलेलं. बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या वर आलेल्या. फेब्रुवारी सरत आला होता, उन्हं तापायला लागली होती, आणि त्याच्यापुढचं पाण्याचं घमेलं कधी भरलेलं असायचं, कधी कोरडं.

लोखंड्यांचं घर तेव्हा बहुतेक वेळ बंदच असे. धनंजय लोखंडे माझा जुना विद्यार्थी. द्राक्षबागांना औषधं विकायचा धंदा, सगळा दिवस मोटारसायकलवर. बायकोचं आणि सासूचं पटलं नाही तशी बायको मिरजेला भाड्याच्या खोलीत राहायला गेली होती आणि हाही तिकडेच असायचा. दिवाळीत त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. नंतर तिला बहिणीकडे जतला ठेवलंय असं त्याने सगळ्यांना सांगितलं. एक दिवसाआड तो संध्याकाळी यायचा, पुढचं कुलूप काढून पाव तास आत असायचा आणि कुलूप लावून जायचा. राखणीला भुऱ्या.

"त्याला कोण खायला घालतं, गुरुजी?" शाहीनने विचारलं होतं.

"तू काय करायचं म्हणतेस?"

"भिंतीवरून उडी मारून सोडून देऊया."

"आणि मग?"

"मग काय. पळंल की."

"पळून कुठं जाईल? दुसऱ्याच्या अंगणात असं शिरायचं नसतं. आधी नीट बघू. मग मालकाला विचारू. मालक ऐकत नसेल तर अर्ज करू. आणि तोवर त्याला उपाशी ठेवायचं नाही."

मला ही पायरीपायरीची शिकवण फार पटलेली होती. चांगलं काम करतानासुद्धा रीत सोडू नये, हे पोरांना याच निमित्ताने शिकवावं असं मी ठरवलं.

त्यांचं अंगण आमच्यापेक्षा दोन हात खाली. भिंतीला लागून खाली त्यांचा कपडे धुण्याचा दगड. मी सुमनचं एक कडीचं पातेलं काढलं. काठावर तिचं नाव कोरलेलं होतं, सौ. सुमन य. पाटोळे. काठीला तारेचा आकडा बांधला. रोज साडेपाचला वर्ग सुटताना दूध-चपाती किंवा आमटी-भात कुस्करून पातेल्यात घालायचा आणि आकड्याने पातेलं दगडावर सोडायचं. भुऱ्याची साखळी तिथवर कशीबशी पोचायची. दुसऱ्या दिवशी चारला आल्या आल्या ते वर ओढून घ्यायचं. सोडायची पाळी सगळ्यांची, ओढायचा मान शाहीनचा, कारण तिचा हात हलत नसे.

पोरं घरी गेल्यावर मी पुढच्या खोलीत रेडिओवरच्या बातम्या ऐकत बसायचो. दिवे लागायच्या सुमाराला मागून पातेल्याची कडी वाजल्याचा आवाज यायचा. खातंय बिचारं, म्हणून मला बरं वाटायचं.

दहा दिवस झाले, तरी कुत्र्याच्या अंगावर तोळाभर मांस चढलं नाही.

"जंत असणार," मी म्हणालो.

त्या आठवड्यात वह्या तपासताना शाहीनची वही हाताशी आली. तिने लिहिलं होतं : *आज पातेलं पालथं होतं. ओलं होतं. खाली कढीपत्त्याच्या दोन काड्या होत्या.* त्याच्या वरच्या पानावर, *पातेलं पालथं. कढीपत्ता एक काडी.* त्याच्याही आधी, *पातेलं पालथं. खाली कढीपत्ता.*

मी तिला जवळ बोलावलं.

"पातेलं पालथं का असतं?"

"ठेवलेलं असतंय."

"कुत्रं खाताना नाकानं ढकलतं. उलटतं. ओलं कशानं?"

"पाण्यानं."

"लाळेनं. कुत्रं चाटून लख्ख करतं. आणि कढीपत्त्याचं झाड बघ कुठं आहे ते."

ती मान उंचावून बघायला लागली. त्यांचं कढीपत्त्याचं झाड अंगणाच्या कोपऱ्यात होतं, दगडापासून चार पावलांवर.

"वाऱ्यानं काड्या पडतात," मी म्हणालो.

"पातेल्याच्या खाली, गुरुजी? रोज?"

"आधी काड्या पडल्या, मग त्यावर पातेलं उलटलं."

"पण काड्या मोडलेल्या नाहीत. खुडलेल्या हायत. आमची अम्मी म्हणती की—"

"अम्मीनं पाहिलंय?"

"नाही, मी सांगितलं तिला. तर ती म्हणाली—"

"पाहिलं नाही ना? मग ऐकीव झालं ते. ऐकीव आपल्या वहीत येत नाही."

मी तांबड्या पेन्सिलीने तिन्ही ओळींवर आडव्या रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, *कल्पना नको. पाहिलेलंच लिही.* ती वही छातीशी धरून गेली. रागावली नव्हती. तिचा माझ्यावर फार विश्वास होता.

दुसरी पायरी म्हणून मी शाहीनला आणि आणखी दोघांना घेऊन धनंजयला गाठलं. तो कुलूप लावून निघतच होता. मला बघताच वाकून पाया पडला.

"गुरुजी, तुम्ही कशाला आलात, मला हाक मारायची."

"तुझ्या कुत्र्याबद्दल बोलायचं होतं."

"भुऱ्या? काय केलं त्यानं?"

"त्यानं काही केलं नाही. वाळून कोळ झालाय तो. साखळी आखूड आहे, पाणी नसतं."

तो पोरांकडे बघून हसला. "हे पंच होय? काय रं, गुरुजींनी कुत्र्याच्या पोटाचा धडा घेतलाय काय यंदा?"

"घमेल्यात पाणी नसतंय," शाहीन म्हणाली. "मी लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंय का? वा." मग माझ्याकडे वळून आवाज उतरवून म्हणाला, "गुरुजी, धंद्यात दम नाही, घरात दोन चुली. माझंच मला होईना झालंय. टाकतो की भाकरी येईल तसा."

मला त्याची कीव आली. चौथीत हाच मुलगा माझा डबा धुऊन आणून द्यायचा. "आई कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. ताईकडं जतला. हवा मानवली तिला तिकडची."

"आणशील तेव्हा सांग. भेटायला येईन."

"सांगतो की." त्याने किक मारली आणि पुन्हा थांबला. "एक मात्र ऐका. मागं कुणी उतरू नका हं. चावतंय ते."

तो गेल्यावर शाहीन म्हणाली, "भुऱ्या कधीच चावत नाही. भुंकत पण नाही."

"मालकाला जास्त माहीत असतं," मी म्हणालो.

तिसरी पायरी अर्जाची. सांगलीला प्राण्यांसाठी काम करणारी एक संस्था होती, तिचा पत्ता मी मिळवला. एकवीस दिवसांची निरीक्षणं पोरांनी स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. कोणत्या दिवशी पाणी होतं, कोणत्या दिवशी नव्हतं, मालक किती वाजता आला, किती वाजता गेला. सगळ्यांनी खाली नावं लिहिली. शाहीनच्या वहीतलं पातेलं आणि कढीपत्ता मी अर्जात घेतला नाही. त्याने अर्जाचं वजन कमी झालं असतं.

संस्थेची जीप आठव्या दिवशी आली. एक तरुण आणि एक मुलगी. धनंजयला त्यांनी आधीच फोन केला होता. ते मागे जायला निघाले तर तो म्हणाला, "तुम्ही कशाला कष्ट घेताय, मीच आणतो," आणि बोळातून जाऊन भुऱ्याला पुढच्या फाटकाशी घेऊन आला. आणला म्हणण्यापेक्षा ओढला. कुत्रं चारही पाय रोवून मागे रेटत होतं, मान वळवून बोळाकडे बघत होतं.

"जीव लागतो हो घराला," ती मुलगी म्हणाली. "पण होईल सवय."

जीप निघाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी प्रत्येकाला राजगिऱ्याचा एकेक लाडू दिला. आयुष्यभर शिकवलं, पण असा धडा कधी जमला नव्हता, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

साडेपाच वाजले. पोरं दप्तरं आवरायला लागली. शाहीन हौदाच्या कट्ट्याशी उभी होती, हातात पातेलं.

"गुरुजी, आज सोडायचं?"

"कुणासाठी?"

तिने भिंतीपलीकडे बघितलं.

"कुत्रा गेला ना, बाळ. आता कुणासाठी?"

तिने पातेलं माझ्या हातात दिलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. मी आत चहा गाळत होतो. मागे आलो तर ती काठी भिंतीला टेकवून ठेवत होती. खाली दगडावर पातेलं होतं आणि त्यात घरून आणलेल्या दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी.

"हे काय?"

"असंच."

"अन्न असं टाकतात? कावळे खातील, घुशी येतील. दुसऱ्याच्या अंगणात आपण घाण करायची?"

"उद्या बघूया ना, गुरुजी. एकच दिवस. उद्या बघून लिहिते."

"काय बघायचंय तुला?"

ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. ऐकीव लिहायचं नाही, बोलायचं नाही, हे मीच शिकवलेलं. मी काठी घेतली, आकडा कडीत अडकवला आणि पातेलं वर ओढलं. चपात्या तिच्या डब्यात परत घातल्या. पातेलं धुऊन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिलं.

त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी लोखंड्यांच्या दारात माणसं दिसली. धनंजय पायरीवर डोकं धरून बसला होता. आईला कालच जतहून आणलं, सकाळी उठवायला गेलो तर गार, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. त्याची बहीण दुपारी आली. उन्हं कलायच्या आत सगळं आटोपलं.

मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो. पुढच्या खोलीत चार माणसं होती, धनंजयचं डोकं भादरलेलं. बहीण मागच्या खोलीत होती म्हणून मी तिकडे गेलो. इतक्या वर्षांच्या शेजारात मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो. एक लोखंडी खाट, कोपऱ्यात माठ, अंगणात उघडणारं दार. दाराला आतून साधी कडी. पुढच्या खोलीकडच्या दाराला मात्र बाहेरून नवा कोयंडा मारलेला.

अंगणाकडच्या उंबऱ्यावर, भिंतीच्या कडेला, कढीपत्त्याच्या काड्या ओळीने ठेवलेल्या होत्या. अलीकडच्या टोकाची पाचोळा झालेली. तिच्या पुढची सुकलेली. त्यापुढची मलूल. शेवटच्या दोन अजून जरा हिरव्या होत्या. सगळ्या खुडलेल्या. एकही मोडलेली नव्हती.

मी खाटेच्या कडेला बसलो.

सुमन असताना या घराची आणि आमची भांडी भिंतीवरून सारखी जा-ये करत. पुरण केलं की आमची वाटी इकडे, आंबील केली की यांचा तांब्या तिकडे. लोखंडेकाकूंकडून आमचं भांडं कधी रिकामं आलं नाही. काही नसलं तर त्या झाडाची एक डहाळी घालायच्या. सुमन ती फोडणीला घ्यायची आणि म्हणायची, शेजारणीचं देणं आलं बघा. मी ते बारा वर्षं खाल्लं होतं.

"ताई," मी बहिणीला विचारलं, "आई तुमच्याकडंच होत्या ना?"

तिने दारातून पुढे भावाकडे बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"हो, गुरुजी."

"दिवाळीपासून?"

"हो."

"या काड्या कुणी ठेवल्या?"

तिने उंबऱ्याकडे बघितलं. मग उठली, केरसुणी घेतली आणि सगळ्या काड्या अंगणात लोटून दिल्या.

त्या संध्याकाळी वर्गाला मी पोरांना लवकर सोडलं आणि शाहीनला थांबवून घेतलं. टपालाने संस्थेचं पत्र आलं होतं, सोबत भुऱ्याचा फोटो. पोरांनी तो हातोहात फिरवला होता. पंधरा दिवसांच्या आत कुत्रं ओळखू येईनासं झालं होतं, अंग भरलेलं, गळ्यात तांबडा पट्टा.

"तुझी अम्मी काय म्हणाली होती?" मी विचारलं.

"कधी?"

"कढीपत्त्याचं सांगितलंस तेव्हा."

तिने चटईची काडी ओढून काढली. "अम्मी म्हणाली, कुत्रं कशाला कढीपत्ता देतंय. ते बाईमाणसाचं काम हाय. म्हणाली, कुणाचं भांडं कोण रिकामं परत करत नाही."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते की."

बाहेर भाजीवाल्याची हाळी ऐकू येत होती. हाळी लांब गेल्यावर शाहीन म्हणाली, "मी लिहिलं पण होतं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी तिची वही घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथला साहेब तरुण होता, शिक्षकाचा मान ठेवणारा. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टरचा दाखला आहे," तो म्हणाला. "झटक्याची जुनी केस. मुलगी सांगते आई माझ्याकडं होती. अंत्यविधी झालेला. तुमच्याकडं काय आहे?"

मी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. त्याने त्या ओळी वाचल्या. समासातलं वाचलं. पान उलटून मागचं वाचलं, पुन्हा पुढे आला.

"या रेघा कुणी मारल्यात?"

"मी."

"आणि हे 'कल्पना नको' कुणी लिहिलंय?"

"मीच."

त्याने वही मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"चहा घ्या, गुरुजी," तो म्हणाला. "गार होतोय."

धनंजयने वर्षभरात घर विकलं. रस्त्यात भेटला की अजूनही वाकून पाया पडतो. बाकी सारे त्याला मातृभक्त म्हणत, कारण वर्षश्राद्ध त्याने मोठं घातलं. काकूंनी भिंतीवर थाप का मारली नाही, असं मला एकाने विचारलं होतं. वाचा गेलेली, एका हाताची बाई, कुत्र्यापुढचं उचलून खात होती. तिने कुठल्या तोंडाने थाप मारायची होती? तिला जे सांगायचं होतं ते ती रोज पातेलं धुऊन त्याखाली ठेवत होती.

मी शिकवणं सोडलं नाही. पोरं येत राहिली. शाहीन मात्र त्या चैत्रानंतर आली नाही. भांडून नाही, रुसून नाही, नुसती आली नाही. पुढे ती शिकली, आता इस्लामपूरला दवाखान्यात नर्स आहे.

बागवानांच्या घरून अजून ईदला शीरखुर्मा येतो, झाकणाच्या वाटीतून. मी ती वाटी घासतो, पुसतो. नवीन मालकांनी झाड तोडलं नाही; कढीपत्त्याची एक फांदी भिंतीवरून आमच्या हौदावर आली आहे, अगदी हाताशी. मी आत जातो आणि वाटीत चमचाभर साखर घालून ती परत पाठवतो.